घरपट्टीचा दर नंतर, आधी हद्द आणि व्याख्या: सोलापुरात नव्याने मिळकत घेणाऱ्यांसाठी

"इथं घरपट्टी किती बसते?" प्लॉट बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणालाच देता येत नाही, कारण आकडा ठरण्याच्या आधी बरेच काही ठरून गेलेले असते. जागा कोणाच्या हद्दीत आहे, कायद्याच्या भाषेत ती 'इमारत' आहे की मोकळी 'जमीन', तुम्ही तिचे 'मालक' की 'भोगवटादार', आकारणीच्या पुस्तकात, म्हणजे कराच्या नोंदवहीत, तिचा वापर काय लिहिला आहे. दराचा गुणाकार या सगळ्याच्या शेवटी येतो.

मी हद्दवाढ भागात, म्हणजे नंतर महापालिकेच्या हद्दीत घेतलेल्या भागात, वाढले. शेजारपाजारच्या आणि ओळखीच्या लोकांचे अर्ज, हरकती लिहून देता देता बरीच वर्षे झाली. माणूस दरावरून चिडून येतो, आणि कागद उलगडले की चूक निघते ती एखाद्या शब्दात. दर कमी करणे तुमच्या-माझ्या हातात नाही. चुकीचा शब्द दुरुस्त करून घेणे मात्र नक्की आहे, आणि त्यासाठी वकील लागतोच असेही नाही. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिते आहे. यातली कलमे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधली आहेत. जुन्या कागदांवर याच कायद्याचे नाव 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम' असे दिसेल, गोंधळू नका.

पायरी पहिली: तुमची जागा कोणकोणत्या नकाशांवर आहे ते शोधा

एकाच प्लॉटवर निदान पाच वेगवेगळ्या रेषा मारलेल्या असतात आणि प्रत्येक रेषा वेगळ्या कायद्याने, वेगळ्या कामासाठी मारलेली असते. नवख्या माणसाची पहिली गफलत इथेच होते.

पहिली रेषा महसुली गावाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 खाली जिल्हा, तालुका, मंडळ, सजा आणि गाव ही महसुली क्षेत्रे ठरतात. सात-बारावर 'मौजे' म्हणून जे नाव येते ते या रेषेचे. शेळगी, बाळे, केगाव, दहिटणे, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, देगाव ही गावे महापालिकेत आली, तरी महसुली गाव म्हणून ती पुसली गेली नाहीत. सात-बारावर आजही 'मौजे शेळगी' लिहिलेले असते, आणि ते वाचून माणूस समजतो की आपण गावात आहोत.

दुसरी रेषा महापालिकेच्या हद्दीची. घरपट्टी कोणाला भरायची हे ठरवणारी रेषा हीच. सोलापूरची नगरपालिका 1852 सालची. 1 मे 1964 रोजी तिची महापालिका झाली. 1992 साली मोठी हद्दवाढ झाली आणि शहराचे क्षेत्र 178.57 चौरस किलोमीटरवर गेले. आजही लोक पत्ता सांगताना "हद्दवाढमध्ये राहतो" म्हणतात. तीस वर्षे उलटली तरी तो शब्द बोलण्यातून गेलेला नाही.

तिसरी रेषा निवडणुकीच्या प्रभागाची. 2017 च्या निवडणुकीत सोलापुरात 26 प्रभाग आणि 102 जागा होत्या. प्रभाग दर निवडणुकीला बदलू शकतो, त्यामुळे मिळकतीच्या कागदावर त्याचा भरवसा धरू नका. चौथी रेषा विभागीय कार्यालयाची, म्हणजे आपण ज्याला झोन म्हणतो त्याची. महापालिकेची अशी 8 विभागीय कार्यालये आहेत. तुमचा अर्ज कुठल्या टेबलावर जाणार हे झोन सांगतो, कराचा कायदा त्याने बदलत नाही. पाचवी रेषा मुद्रांक विभागाच्या मूल्य विभागाची, ज्यावर रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचे, दर बसतात. खरेदीखताच्या वेळी ती कामाला येते.

याशिवाय आपल्याकडे पेठा आहेत. साखर पेठ, मुरारजी पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ, दोन्ही कसबे. जुन्या शहरात घर क्रमांक पेठेसकट लिहिला जातो आणि टपालही त्यावरच येते. पेठेचे नाव मिळकत ओळखायला उपयोगी पडते, हद्द ठरवायला नाही.

म्हणून करायचे काय, तर एका कागदावर पाच ओळी लिहा: महसुली गाव आणि गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, स्थानिक संस्था कोणती, प्रभाग, झोन, मूल्य विभाग. विकणाऱ्याकडून या पाचही ओळी भरून घ्या. जी ओळ भरता येत नाही तिच्यातच पुढे घोळ निघतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी दुसरी: हद्द खरोखर कोणाची, हे तोंडी ऐकू नका

एका बाईंनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला. दलालाने सांगितले होते, "ग्रामपंचायतीचा भाग आहे, कर नावापुरता." सात-बारावर गावाचे नाव होतेच. सहा महिन्यांनी महापालिकेचे बिल घरी आले. "ताई, आमचं तर ग्रामपंचायतीत आहे की, हे बिल कसं काय?" म्हणून त्या माझ्याकडे आल्या. गाव महसुली होते, हद्द महापालिकेची होती. बिल बरोबर होते. उलटेही घडते: 'सोलापूर शहर' असा पत्ता सांगून विकलेली जागा प्रत्यक्षात कुंभारीच्या बाजूला, महापालिकेच्या बाहेर निघते. विडी कामगारांची वसाहत, 2024 मध्ये उद्घाटन झालेले रे नगर, हे सगळे कुंभारीचे. रोजचा व्यवहार सोलापूरशी, पण कराचा कायदा वेगळा.

कोणत्या संस्थेचा कोणता कायदा, हे थोडक्यात सांगते. महापालिकेत 1949 चा अधिनियम. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटसारख्या नगरपरिषदांत आणि माढा, वैरागसारख्या नगरपंचायतींत 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम. ग्रामपंचायतीत 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, ज्याच्या कलम 124 खाली कर बसतो आणि कर व फी नियम 1960 प्रमाणे आकारणी होते. ग्रामपंचायतीत 'नमुना 8' चा उतारा मागायचा, महापालिकेत 'मिळकत कर आकारणी उतारा'. विकणारा यापैकी कोणता उतारा दाखवतो आहे यावरूनच निम्मे उत्तर मिळते.

आता हे क्षेत्र ठरवते कोण? संविधानाच्या अनुच्छेद 265 मध्ये एका ओळीत सांगितले आहे की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही. स्थानिक संस्थेचा अधिकार तिच्या हद्दीपुरता, म्हणून हद्दही कायद्याने ठरावी लागते. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने शहरी क्षेत्राचे तीन प्रकार केले: संक्रमणशील क्षेत्र, म्हणजे खेड्याचे शहर होत असलेला भाग, त्याला नगरपंचायत. लहान नागरी क्षेत्राला नगरपरिषद. मोठ्या नागरी क्षेत्राला महापालिका. कोणता भाग कशात जाईल हे ठरवताना पाहायचे निकषही घटनेने दिले: लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व. महाराष्ट्राच्या कायद्यांनी त्याला आकडे जोडले. नगरपंचायतीसाठी साधारण 10,000 ते 25,000 लोकसंख्या. नगरपरिषदेसाठी 25,000 हून कमी नको, आणि शेतीबाहेरचा रोजगार निदान 35 टक्के. महापालिकेसाठी 3 लाख. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती, तेव्हा आपला प्रकार कोणता याबद्दल वाद नाही.

हद्द बदलायची असेल तर कलम 3 खाली राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करून राजपत्रात अधिसूचना काढते. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. अधिसूचनेत गावांची नावे आणि चतुःसीमा असतात. काही वेळा अख्खे गाव येते, काही वेळा ठरावीक गट क्रमांकच येतात, म्हणून 'गाव महापालिकेत आले' एवढ्यावर थांबू नका. आपला गट क्रमांक त्या यादीत आहे का, हे बोट ठेवून पाहा. आपल्याकडे पुन्हा हद्दवाढीची चर्चा होते तेव्हा लोक सभांना जातात, लेखी हरकत मात्र फार थोडे देतात. मसुद्यावर मुदतीत आलेली लेखी हरकत विचारात घ्यावीच लागते. भाषणाची नोंद कुठेच होत नाही.

ग्रामपंचायतीतून महापालिकेत आलेल्या भागाला एकदम शहराचा पूर्ण कर लागू नये म्हणून कलम 129अ मध्ये तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद आहे. नव्याने हद्दीत आलेल्या भागात घर घेत असाल तर आजचे बिल पाहून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडू नका.

पायरी तिसरी: कलम 2 वाचा, आणि सावकाश वाचा

व्याख्यांचे कलम लोक ओलांडून पुढे जातात. मला सगळ्यात जास्त कामाला आलेले कलम हेच.

'इमारत' या शब्दाचा अर्थ कायद्यात फार पसरलेला आहे. घर, उपगृह, तबेला, छपरी, झोपडी आणि कोणतेही बांधकाम यात येते. ते दगडाचे असो, विटांचे, लाकडाचे, मातीचे की पत्र्याचे, आणि त्यात माणूस राहत असो वा नसो. ओटा, पायऱ्या, व्हरांडा, कुंपणाची भिंतसुद्धा यात धरली आहे. त्यामुळे "पत्र्याचं शेड आहे हो, ते कसलं बांधकाम," हे म्हणणे हरकतीत लिहू नका, टिकत नाही. त्याऐवजी शेडचे क्षेत्रफळ बरोबर मोजले आहे का आणि त्याचा वापर बरोबर लिहिला आहे का, यावर बोट ठेवा.

'मालक' ही व्याख्या वाचून बहुतेकांना धक्का बसतो. या कायद्यात मालक म्हणजे जागेचे भाडे घेणारा, किंवा जागा भाड्याने दिली असती तर भाडे घेण्याचा ज्याला हक्क असता तो. दुसऱ्याच्या वतीने भाडे घेणारा मुखत्यार किंवा विश्वस्तही यात येतो. म्हणजे करापुरता मालक आणि खरेदीखतातला मालक हे एकच असतील असे नाही. यातून उलटी गोष्टही निघते: घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच ते नाव सांगते. भावाभावांच्या भांडणात "पावती माझ्या नावावर आहे" असे म्हणत वर्षानुवर्षे कोर्टात उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत, फार वाईट वाटते. पावती जपून ठेवा, पण मालकीसाठी खरेदीखत, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा.

'भोगवटादार' म्हणजे भाडे देणारा किंवा देणे लागणारा, स्वतःच्या जागेत राहणारा मालक, बिनभाड्याने राहणारा, परवान्याने राहणारा. हा शब्द महत्त्वाचा का? कलम 139 प्रमाणे कर भरण्याची पहिली जबाबदारी भाड्याने देणाऱ्यावर असते. त्याने भरला नाही तर कलम 140 खाली वसुली भोगवटादाराकडे वळू शकते. सोलापुरात 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबांनी एवढे करावे: करारात 'घरपट्टी मालक भरेल' ही ओळ घालून घ्यावी आणि शेवटच्या पावतीची प्रत मागावी.

कलम 139 मध्येच आणखी एक बारकावा आहे, जुन्या शहरात तो नेहमी लागतो. जमीन एकाची, एका वर्षाहून जास्त मुदतीने भाड्याने दिलेली, आणि त्यावर भाडेकरूने स्वतः बांधकाम केलेले. अशा ठिकाणी कराची पहिली जबाबदारी त्या भाडेकरूची. त्यामुळे असे घर घेताना जमिनीचा मालक आणि करदाता वेगळे दिसले तर लगेच घाबरू नका, आधी जुना भाडेकरार शोधा.

उताऱ्यावर कधी नावाच्या जागी नुसते 'धारक' लिहिलेले सापडते. ज्याच्याकडून कर घ्यायचा त्याचे नाव कळले नाही, तर तसे लिहिण्याची सोय या कायद्याला जोडलेल्या कराधान नियमांतच आहे. त्या मिळकतीवर कोणाचाच हक्क नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र तिथे आपले नाव लावायचे असेल तर कागद भक्कम लागतात.

पायरी चौथी: 'वापर' या रकान्यावर नीट थांबा

पूर्व भागातल्या एका घराचा उतारा माझ्याकडे आला. घर तसे नेहमीचेच, खाली माग आणि वर संसार. चादरी, टॉवेल विणणारी अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली होती, काही अजूनही आहेत. बिल घरच्या मानाने फार मोठे येत होते. मी विचारले, "अक्का, खाली आता किती माग चालतात?"

"माग कुठले? सासरे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी विकले सगळे. आता खाली धाकट्याचा संसार आहे."

आकारणीच्या पुस्तकात मात्र तळमजला कारखानाच होता. चूक कार्यालयाची म्हणता येणार नाही, कारण बदल कोणी कळवलाच नव्हता. वापर बदलाचा अर्ज, विजेचे घरगुती जोडणीचे बिल, जुने औद्योगिक मीटर काढल्याचा कागद आणि चार फोटो जोडून अर्ज दिला, पाहणी झाली आणि नोंद बदलली. मागची वर्षे मात्र परत आली नाहीत. वापर बदलला की त्याच वर्षी लेखी कळवा, एवढ्यासाठी ही हकिगत सांगितली.

ज्यांच्या घरी माग अजून चालतात त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. इमारतीचे करयोग्य मूल्य काढताना तिच्यात बसवलेल्या यंत्रांची किंमत धरायची नाही, असे कराधान नियमांत स्पष्ट आहे. आकारणी जागेची होते, मागांची नाही. पाहणीच्या वेळी मागांची संख्या लिहून घेतली तर कशासाठी, हे नम्रपणे विचारा आणि पाहणीच्या कागदाची प्रत मागा.

वापरावरून सवलतीचा विषय निघतो. सार्वजनिक उपासना किंवा सार्वजनिक धर्मादाय काम यांसाठीच वापरल्या जाणाऱ्या जागेला कलम 132 खाली सूट आहे. 'यांसाठीच' हा शब्द इथे निर्णायक आहे. मठाच्या किंवा देवळाच्या आवारात गाळे काढून भाडे घेतले तर त्या गाळ्यांना सूट मिळत नाही. शिवाय ही सूट सर्वसाधारण करापुरती असते, पाणीपट्टीसारखे बाकीचे कर तिने आपोआप माफ होत नाहीत. मंडळांचे विश्वस्त या एका गोष्टीवरून फार वर्षे थकबाकी वाढवून बसतात.

पायरी पाचवी: मूल्य कसे निघाले ते बिलावरून उलटे काढा

बिल हातात घ्या आणि 'करयोग्य मूल्य' लिहिले आहे की 'भांडवली मूल्य' ते पाहा. कायद्यात आता दोन्ही पद्धती आहेत. पहिली जागेच्या अपेक्षित भाड्यावर चालते, दुसरी बाजारमूल्यावर. दोन्हींच्या दरांची तुलना करू नका. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाचे टक्के आपल्या बिलाला लावून काहीच कळत नाही.

करयोग्य मूल्याचा हिशेब सोपा आहे. जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडे किती येईल ते धरायचे आणि त्यातून 10 टक्के वजा करायचे. ही वजावट दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चांपोटी असते. समजा महिन्याचे वाजवी भाडे 5,000 धरले. वर्षाचे 60,000. वजावट 6,000. करयोग्य मूल्य 54,000. बिलातले सगळे टक्के या 54,000 वर लागायला हवेत. वाजवी भाडे म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष घेता ते भाडे असेच नाही. मामाच्या मुलाला दोन हजारांत खोली दिली म्हणून मूल्य उतरत नाही.

मग बिलातल्या ओळी पाहा. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष उपकर अशा ओळींबरोबर राज्य सरकारचा शिक्षण कर असतो, आणि बिगरनिवासी जागेवर रोजगार हमी उपकर. शेवटचे दोन महापालिका फक्त गोळा करते, त्यांचा कायदा 1962 चा वेगळा आहे. घर निवासी असूनही बिलावर रोजगार हमी उपकर दिसला तर ताबडतोब चौथ्या पायरीवर परत जा, वापराची नोंद चुकलेली असण्याची दाट शक्यता आहे.

क्षेत्रफळाची चूकही फार आढळते. 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात गेला तर मूल्य दहा पटींनी वाढते. टेप घेऊन स्वतः मोजा, घरातल्या शाळकरी मुलालाही हे जमते.

महापालिकेने पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, कलम 99. दराबद्दल बोलायचे असेल तर आपल्या नगरसेवकाला जानेवारीत गाठा. एप्रिलमध्ये बिल घेऊन गेल्यावर त्या वर्षापुरते काहीच उरत नाही.

पायरी सहावी: अनधिकृत आणि गुंठेवारी

हद्दवाढ भागातल्या हजारो कुटुंबांनी गुंठ्या-गुंठ्याने जागा घेऊन घरे बांधली. त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी अधिनियम आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मोकळी केली. पण लोक दोन गोष्टी एक समजतात: घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले. तसे होत नाही. कलम 267अ मध्ये तर अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लावण्याची तरतूद आहे, आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. "बिल येतं म्हणजे सगळं क्लिअर आहे" असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे गुंठेवारी नियमितीकरणाचे प्रमाणपत्र किंवा बांधकाम परवाना मागा. बिलावर 'शास्ती' अशी ओळ असेल तर ती थकबाकीवरची महिना 2 टक्के शास्ती आहे की 267अ ची, हे विचारून घ्या. पहिली पैसे भरून मिटते, दुसरी दरवर्षी परत येते.

पायरी सातवी: खरेदीनंतर नाव लावणे

खरेदीखत नोंदले की लोकांना वाटते सगळीकडे आपोआप कळेल. कराधान नियमांप्रमाणे हस्तांतराची लेखी सूचना तीन महिन्यांत द्यायची असते, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही. करदाता वारला असेल तर वारसांनी एका वर्षाच्या आत. सूचना दिली नाही तर आधीच्या मालकाची जबाबदारी चालूच राहते, म्हणजे विकून मोकळा झालेला माणूसही अडकतो.

आणि घेणाऱ्यासाठी कलम 141: मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा आहे, सरकारी जमीन महसूल तेवढा त्याच्या पुढे. जुन्या मालकाची थकबाकी जागेबरोबर तुमच्याकडे येते. म्हणून इसार देण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. हा दाखला आणि आकारणी उतारा, दोन्ही लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालच्या सेवांत येतात. अर्जाची पोच घ्या, पोचेवर तारीख असू द्या.

आमच्याच घरात वडील गेल्यावर नाव लावायला चार वर्षे लागली. दुःखात कोणाला सुचत नाही, हे मी समजू शकते. तरी वर्षश्राद्धाच्या आत हे एक काम उरकून घ्या.

पायरी आठवी: नोटीस आली तर

आकारणीचे पुस्तक दरवर्षी नव्याने लिहीत नाहीत, पण चार वर्षांतून निदान एकदा पूर्ण नवे करावे लागते. तुमची मिळकत पहिल्यांदा पुस्तकात आली किंवा तिचे मूल्य वाढवले तर विशेष नोटीस द्यावीच लागते. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत तक्रार करता येते. नोटीस ज्या दिवशी हातात पडली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा, पाकीट फेकू नका.

तक्रार एका पानात लिहा. वर मिळकत क्रमांक, झोन, नोटिशीचा क्रमांक. खाली फक्त मुद्दे: क्षेत्रफळ चुकले, वापर चुकला, वजावट दिली नाही, यापैकी जो असेल तो. प्रत्येक मुद्द्यासमोर पुरावा. 'कर अन्यायकारक आहे' हे वाक्य खरे असले तरी सुनावणीत त्याने काहीच होत नाही. सुनावणीला स्वतः जा. घरातल्या वहिनी किंवा काकू जाणार असतील तर अधिकारपत्र द्या.

निकाल पटला नाही तर कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. त्याच्या अटी कडक आहेत: 15 दिवसांत दाखल करायचे, आयुक्तांकडे आधी तक्रार केलेली आणि ती निकालात निघालेली हवी, आणि मागणीची रक्कम जमा केलेली हवी. तक्रार न करता थेट अपिलात गेलेल्यांचे अपील मुद्द्यावर न जाताच फेटाळले जाते. तेव्हा विशेष नोटिशीवरची ती एक पानाची तक्रार आणि तिची शिक्का मारलेली पोच फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. कराचे हप्ते 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला पडतात. वाद चालू असला तरी हरकत राखून रक्कम भरत राहा, नाहीतर महिना 2 टक्क्यांनी शास्ती चढत जाते.